मार्गरेटचं माहेर

आमचे शेजारी गद्रे काका भेटलेल्या प्रत्येक बाईला दुसऱ्या मिनिटाला विचारतात, "माहेरचं आडनाव काय?" पहिल्या मिनिटात हवामान उरकावं लागतं, कारण आम्ही आयर्लंडमध्ये राहतो आणि इथे त्यातून कुणाची सुटका नाही. दुसऱ्या मिनिटाला मात्र समोर दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट असो, बस चालवणारी बाई असो की दारावर मत मागायला आलेली उमेदवार असो, प्रश्न ठरलेला. उत्तर मिळालं की काका खिशातली छोटी वही काढून टिपून घेतात. उमेदवार बाईंनी तर स्पेलिंगसुद्धा सांगितलं. त्यांना वाटलं, मत पक्कं झालं.

एकदा बँकेतून फोन आला. पलीकडच्या मुलीनं सुरक्षेसाठी त्यांच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव विचारलं. काकांना त्यांच्या आवडीचा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. त्यांनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आजोळच्या विहिरीबद्दल सांगितलं आणि मग म्हणाले, "नाऊ यू टेल मी. युअर मदर?" पाच मिनिटांत त्यांचं कार्ड बंद झालं. ते सुरू करून घ्यायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर शाखेत गेले. तिथल्या बाईंनाही त्यांनी विचारलंच.

मी मेधा. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये राहते, एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगचं काम बघते आणि कायम दमलेली असते. हे तक्रार म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. माझी मुलगी ईरा तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं, तेही इथल्या हेलात. शनिवारी सकाळी ती खिडकीतून बघते आणि ओरडते, "मॅम, युअर मॅन इज ॲट द गेट अगेन." इथे 'मॅम' म्हणजे आई आणि 'युअर मॅन' म्हणजे 'तो गृहस्थ'. तो गृहस्थ लोकरी टोपी घालून, बगलेत दोन जाड फायली आणि हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन फाटकाशी उभा असतो. बेल वाजवत नाही. नुसता उभा राहतो. मी चहा तसाच ठेवते आणि गाडीची किल्ली शोधायला लागते.

काकांनी सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात काढली. आधी ठाण्याला, नंतर इथे कॉर्कजवळ रिंगास्किडीला. मुलगा निनाद डब्लिनला होता, म्हणून निवृत्तीनंतर त्याच्याजवळ राहायला आमच्या शेजारचं घर घेतलं. पडदे लागायच्या आत निनादला बोस्टनची नोकरी लागली. तेव्हापासून गद्रे काका-काकू आमच्याजवळ राहिले, असंच म्हणायचं. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आता नुसते काका.

क्वालिटी विभाग मात्र त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. घरात फक्त निळ्या शाईची पेनं. खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. चुकलं तर चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर शब्द, मग सही, तारीख आणि कारण. त्यांची वाणसामानाची यादी मी पाहिली आहे. कोथिंबिरीवर रेघ, व. ग., तारीख, कारण: दुकानात नव्हती. ईराला दिलेल्या कार्डावर 'आठवा वाढदिवस' यावर रेघ मारून 'नववा' केलेलं होतं, आणि कारण म्हणून 'मोजण्यात चूक' असं लिहिलं होतं. ईरानं ते कार्ड अजून जपून ठेवलं आहे. आमचं कुणाचं नाही ठेवलेलं.

"कागदावर नाही म्हणजे झालंच नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे ओव्हररायटिंग. कुणीतरी एकदा तीनवर गिरवून आठ केला, तेव्हा काकांनी अख्खी बॅच अडवली होती म्हणे. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या माणसाचा मलाही राग येतो. "एक वेळ चूक चालेल मेधा. पण खाली आधी काय होतं ते वाचता आलंच पाहिजे. गिरवलं की गेलं. ते मग कुणालाच सापडत नाही."

आता मार्गरेट. दोन वर्षांपूर्वी निनादचं लग्न झालं, मुलगी बोस्टनचीच, एमिली. लग्नाच्या हॉलमध्ये तिच्या घरच्यांनी आपला वंशवृक्ष फ्रेम करून लावला होता. लोक जेवत होते आणि काका भिंतीला नाक लावून तो वाचत होते. अगदी वरच्या टोकाला, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक जोडपं. नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, इंग्लंडमधलं गाव, सगळं होतं. बायकोच्या चौकोनात एवढंच लिहिलेलं: मार्गरेट, त्याची पत्नी, आयर्लंडहून मोलकरीण म्हणून आली, आईवडील अज्ञात.

"म्हणजे हिला माहेरच नाही?" काका मोठ्यानं म्हणाले. एमिलीच्या वडिलांना निनादनं त्याचा अर्थ सांगितला. ते म्हणाले की पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरातले लोक शोधून दमले. काकांनी तिथेच जाहीर केलं की ते आयर्लंडमध्येच राहतात, तेव्हा हे काम आता त्यांच्याकडे. ग्रँड. 'ग्रँड' हा शब्द इथल्या लोकांचा, 'ठीक आहे' या अर्थाचा. काका तो सुखदुःखात सारखाच वापरतात. काकू गेल्या त्या दिवशी निनादला फोनवर ते आधी तेच म्हणाले होते. "ग्रँड. मी ग्रँड आहे."

या वर्षी एमिलीला दिवस गेले. बाळाच्या खोलीत लावायला तिनं दोन्ही घराण्यांचा एक तक्ता करायला घेतला, आणि नाताळच्या आत काकांनी मार्गरेटचा चौकोन भरून द्यायचा असं ठरलं. काकांच्या बाजूचे चौकोनही त्यांनीच भरायचे होते. त्यांना गद्र्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत. व्हिडिओ कॉलवर त्यांनी त्या एका दमात म्हणून दाखवल्या. एमिलीनं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "आणि त्यांच्या बायका?" काका म्हणाले, नेटवर्क खराब आहे.

तर असे माझे शनिवार गेले. मी त्यांना घेऊन वेक्सफर्डला गेले, वॉटरफर्डला गेले, पावसात भिजणाऱ्या दफनभूमींत गेले, जिथे काका दगडांवरची अक्षरं भांडी घासायच्या ब्रशनं साफ करत आणि मी छत्री धरत असे. जुने कागद फारसे उरलेलेच नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका लढाईत डब्लिनच्या दप्तरखान्याला आग लागली आणि शतकांची कागदपत्रं जळून गेली, हे ऐकून काका दोन दिवस जेवले नव्हते. "कॉपी नव्हती? सेकंड कॉपी कशी नाही ठेवली?" हे ते मला विचारत होते. मी गाडी चालवत होते. मला ऑफिसातलं सोमवारचं सॉफ्टवेअर रिलीज दिसत होतं.

मग मी नाही का म्हणत नाही? ईरा झाली तेव्हा माझ्या आईचा व्हिसा अडकला होता. काकूंनी चाळीस दिवस रोज सकाळी येऊन बाळाला न्हाऊमाखू घातलं, मला डिंकाचे लाडू खायला घातले, आणि एकदा मी उगाचच रडत बसले तेव्हा काही न विचारता शेजारी बसून राहिल्या. त्या बाईच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं?

काकांची पद्धत सोपी होती. त्या काळातली, त्या बाजूची, त्या वयाची कुठलीही मुलगी जुन्या यादीत सापडली की तिच्या नावानं एक फॉर्म. ती ती नव्हे असं ठरलं की फॉर्मवर रेघ, सही, तारीख, कारण. दोन फायली अशा भरल्या. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती म्हणजे एलेन, ओनोरा, कॅथरीन यांच्यावर काका आठवडेच्या आठवडे घालवत, आणि मार्गरेट दिसली की लगेच बाद करत. मला वाटलं, असेल काही कारण. दमलेलं माणूस प्रश्न विचारत नाही. विचारलं की काम वाढतं.

ऑक्टोबरात आम्ही योलला गेलो. कॉर्कच्या किनाऱ्यावरचं जुनं बंदर आहे, आमच्याकडून जवळपास तीन तास. तिथल्या वाचनालयात जुन्या कागदांची एक खोली आहे आणि शनिवारी ती नोरीन नावाच्या बाई उघडतात. सत्तरीच्या पुढच्या, हातात विणकाम. हवामान झालं, मग काकांनी माहेर विचारलं. नोरीनबाईंनी माहेर, आजोळ आणि पणजीचं माहेर असं न थांबता सांगितलं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी डबा उघडून त्यांच्यापुढे पुऱ्या ठेवल्या. माझ्या वाटणीच्याही.

नोरीनबाई फायली चाळायला लागल्या. पहिल्याच फायलीतला पहिलाच फॉर्म त्यांनी बाहेर काढला.

"हिला का खोडलं?"

मीही वाकून पाहिलं. योलजवळच्या एका खेड्यातल्या डोनलची मुलगी. अमेरिकेला नोकर म्हणून पाठवलेल्या मुलींच्या यादीच्या नकलेतून उतरवलेली. वय जुळत होतं, काळ जुळत होता. मार्गरेट. वर निळी रेघ, व. ग., दीड वर्षापूर्वीची तारीख. कारण: नाव जुळते, म्हणून बाद.

मी ते दोनदा वाचलं. "काका, नाव जुळतं म्हणून बाद?"

"अर्थात," काका म्हणाले. अज्ञ माणसांना समजावताना येतो तो त्यांचा शांत सूर. त्यांनी इंग्रजीतून नोरीनबाईंना सांगितलं की मार्गरेट हे तिचं लग्नानंतरचं नाव. सासरी ठेवलेलं. म्हणजे माहेरी ती मार्गरेट असूच शकत नाही. दुसरी कुणीतरी असणार. त्या दुसरीला शोधायचं, हाच तर सगळा प्रश्न आहे.

नोरीनबाईंनी विणकाम खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले. दीड वर्षाचे शनिवार माझ्या डोळ्यांपुढून गेले, एक एक करून, पावसासकट. मग मी आमच्याकडची रीत सांगितली. लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरतो, त्यात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून ती त्या नावाची. आता सगळे असं करत नाहीत, माझं मेधा तेच राहिलं. पण काकांच्या वेळी सर्रास होतं.

"आडनाव ना?" नोरीनबाई म्हणाल्या.

"पहिलं नावसुद्धा."

"आईनं हाक मारलेलं?"

"हो."

त्यांनी फॉर्मवरच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की इथे असं कधी नव्हतं. उलट त्या काळी इथल्या पुष्कळ बायका लग्नानंतर बापाचं आडनावही सोडत नसत. मार्गरेट जन्मापासून मरेपर्यंत मार्गरेटच असणार. हीच ती, असं त्या छातीठोक सांगू शकत नाहीत. पण खोडून टाकण्यासारखी तर ही नक्कीच नाही.

मग त्यांनी काकांना विचारलं. टोमणा मारायचा म्हणून नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. "आणि ती काय म्हणायची? नवीन नाव सांगितलं की?"

"कोण?"

"नवरी."

काकांनी तोंड उघडलं. "तिला कुणी..." एवढं म्हणाले आणि थांबले. टोपी काढली, परत घातली. मग "ग्रँड," म्हणाले आणि फायली आवरायला लागले. नोरीनबाईंचे आभार मीच मानले.

परतीच्या वाटेवर मी बरंच काही बोलणार होते. तयारी केली होती मनात. दीड वर्ष, काका! पण ते खिडकीबाहेर बघत होते आणि एकदाही म्हणाले नाहीत की डावीकडून एक लॉरी येतेय. हे मी काकांच्या बाबतीत कधी अनुभवलं नव्हतं, म्हणून मलाच काळजी वाटायला लागली. कॅशेलच्या पुढे पेट्रोल पंपावरच्या उपाहारगृहात मी गाडी थांबवली. दोन चहा घेतले. खिडकीजवळच्या टेबलावर बसलो.

"कुमुद," काका म्हणाले.

"काय?"

"तुझ्या काकूचं नाव. कुमुद साने. मिरजेची."

मी काकूंना अकरा वर्षं ओळखत होते. त्यांनी माझ्या मुलीला न्हाऊ घातलं. मला त्यांचं वसुधा हे नावही पाकिटांवर आणि चिठ्ठ्यांवर वाचून माहीत होतं. माझ्यासाठी त्या काकू होत्या. मला फार लाज वाटली.

"वसुधा मी ठेवलं," काका म्हणाले. "माझं वसंत ना. वसंत, वसुधा. म्हटलं, दारावरच्या पाटीवर छान दिसेल." ते हसले नाहीत. "छान दिसायची गं पाटी. एकेचाळीस वर्षं होती."

चहावर साय धरायला लागली होती. ते बोलत राहिले, कधी टेबलाकडे बघून, कधी बाहेर. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमध्ये काकू अकरा दिवस होत्या, डोक्यात रक्तस्राव झाला म्हणून. काका दिवसभर शेजारी बसून हाका मारायचे. वसू. वसुधा. नर्सही मारायच्या. पापणीसुद्धा हलली नाही. दहाव्या दिवशी दुपारी मिरजेहून काकूंच्या थोरल्या भावाचा फोन आला. काकांनी फोन काकूंच्या कानाशी धरला. भाऊ म्हणाले, "कुमे, अगं कुमे, ऐकतेस ना?" आणि काकूंनी डोळे उघडले.

"बघितलं तिनं. फोनकडे बघितलं. माझ्याकडे नाही." काकांनी कपाची कड बोटानं पुसली. "मला कळलं मेधा, काय करायला पाहिजे ते. वाकून म्हणायचं होतं, कुमुद. एवढंच. एक शब्द. पण जीभ वळेना. एकेचाळीस वर्षांत कधी म्हटलंच नव्हतं. वाटलं, कोणत्या तोंडानं म्हणू? उद्या म्हणू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली."

मी माझ्या चहावरची साय चमच्यानं बाजूला काढली.

"गिरवलं मी," ते म्हणाले. "बॅचेस अडवत होतो लोकांच्या."

मग त्यांनी दुसऱ्या फायलीच्या तळातून एक घडी केलेला मोठा कागद काढला आणि कप बाजूला सारून टेबलावर पसरला. एमिलीनं पाठवलेला तक्ता. गद्र्यांचे सगळे चौकोन भरलेले होते, असं मला इतके महिने वाटत होतं. पुरुषांचे होते. निनादच्या आईच्या चौकोनात निळ्या शाईत वसुधा लिहिलेलं, आणि त्याच्याखाली 'जन्मनाव' म्हणून आखलेली ओळ कोरी. कडेला एमिलीनं पेन्सिलीनं छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते प्रश्नचिन्ह मे महिन्यापासून काकांच्या घरात होतं, आणि काका माझ्याबरोबर दुसऱ्याच बाईचं माहेर शोधत गावोगाव फिरत होते.

काकांनी पेन काढलं. वसुधा या नावावर एक सरळ रेघ मारली. पट्टीशिवाय, पण सरळ. वर लिहिलं, कुमुद. शेजारी व. ग. आणि तारीख.

मला राहवलं नाही. "काका, खाली जन्मनावाची ओळ आहे ना. वसुधा कशाला खोडता? तेही त्यांचंच होतं. चिठ्ठ्यांवर सही करायच्या की त्या नावानं."

"म्हणूनच एकच रेघ," काका म्हणाले. "वाचता येतंय ना?"

येत होतं. दोन्ही येत होती.

मग ते कारणापाशी अडले. व्हॅन आल्या, गेल्या. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून गेलं आणि दुसरं बसलं. वाणसामानाच्या यादीवरसुद्धा ज्यांना कारण लगेच सुचतं, ते काका पेन धरून बसून होते. मी घाई केली नाही. घरी धुणं पडलं होतं, ईराचे दोन मेसेज येऊन गेले होते, आणि माझी पाठ भरून आली होती, तरी मला उठावंसं वाटेना.

शेवटी त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. पेनही पुढे केलं.

"सही कर. तपासणाऱ्याची लागते. दुसऱ्या माणसानं बघितल्याशिवाय दुरुस्ती धरत नाहीत."

मी वाचलं. कारण: तिला विचारलं नव्हतं.

मी खाली सही केली, तारीख घातली.